दुष्काळात हलव्याला काटा चांगला येतो

परवा नातसुनेनं माझ्यापुढे मोबाईल धरला. "आजी, यातला कुठला सेट मागवू?"

हलव्याचे दागिने होते. हार, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि वर मुकुट! संक्रांतीला मुकुट कशाला लागतो देव जाणे. मी चष्मा लावला आणि आधी काय पाहिलं असेल तर काटा. काटा नव्हताच. यंत्रात फिरवून काढलेले गुळगुळीत दाणे, सगळे एका मापाचे. "हा हलवा नाही, ही तापाची गोळी आहे," मी म्हटलं. पोरगी हसली. म्हातारी उगाच नाक मुरडते असं तिला वाटलं असणार. मुरडतेच मी. ज्यातलं आपल्याला कळतं त्यात नाक मुरडायला लाजायचं कशाला?

आणि हलव्यातलं मला कळतं. हे मी मोठेपणानं सांगत नाही, बोटांनी सांगते.

हलव्याचं एक आहे, त्याला हवा लागते ती कोरडी. आभाळ जरा भरून आलं, दमट वारं सुटलं, की कितीही पाक घाला, दाणा ओलसर राहतो नि गोटीसारखा होतो. हल्ली नगरला पौषातही ढग येतात. मी गच्चीवर जाते, हवा हुंगते आणि खाली येऊन सांगते, "औंदा हलवा नको." पण एका साली हवा अशी होती की त्या हवेत नवशिकीनंही हलवा करावा आणि दाण्याला सुईसारखा काटा यावा. ते साल दुष्काळाचं होतं. बाहत्तरचा पावसाळा आलाच नाही, आणि त्याच्यामागून आलेली ती त्र्याहत्तरची संक्रांत.

त्या हिवाळ्याचं काय काय आठवतं! धुणं दोरीवर टाकून पाठ फिरवावी तर लुगडं वाळून कडक झालेलं. ओठांना तूप लावलं तरी हसताना रक्त यायचं. नळाला पाणी यायचं तास-दीड तास, पण बादल्यांचा खडखडाट पहाटे चारपासून. रेशनवर लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडत आणि तव्यावर टाकली की एक कुबट वास घरभर फिरे. मुलं नाक धरून खायची. मी म्हणायची, "गिळा मुकाट्यानं, हेही ज्यांना नाही त्यांना विचारा." आणि ज्यांना नाही त्यांची नावं घ्यायची वेळ आली की माझ्या डोळ्यांपुढे पहिली कुसुम यायची.

कुसुम माझी धाकटी नणंद. माझे सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. मी माप ओलांडून आत आले तेव्हा चुलीपाशी बसलेली नऊ वर्षांची पोर मला म्हणाली, "वहिनी, तुला भाकरी येते का?" मला येत नव्हती. तिला येत होती. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलं. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला शाळेत मी घातलं आणि तिच्या लग्नात कन्यादानाला तिच्या भावाशेजारी मीच बसले. बाहत्तरच्या वैशाखात तिला पाथर्डीच्या पलीकडे एका गावात दिली. घर चांगलं, बारा एकर जमीन, मुलगा निर्व्यसनी. सगळं बघून दिली. पाऊस तेवढा बघायचा राहिला.

आषाढ गेला, श्रावण गेला, भादवा गेला. दिवाळीला कुसुम आली नाही, निरोप आला. तिचा नवरा आणि सासरा बैलं घेऊन जनावरांच्या छावणीवर गेले होते, आणि घरात उरलेल्या दोघी, कुसुम आणि तिची सासू, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. निरोप आणणाऱ्या बाईनं जाता जाता आणखी एक सांगितलं. गावात कुणी कुणी म्हणतं, नवी सून पांढऱ्या पायाची, आली आणि पाऊस पळाला.

मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारली. एवढा संताप मला आयुष्यात चार-दोन वेळाच आला असेल. आणि संतापाच्या मागोमाग भीती. गाव म्हणतं ते म्हणू दे, पण सासू काय म्हणत असेल? पोरीला ना आई ना बाप. तिच्या पाठीशी माणसं आहेत हे त्या गावाला कसं दाखवायचं?

उत्तर संक्रांतीनं दिलं. त्याच्या आदल्या साली आमच्या शेजारच्या इंदूताईंनी त्यांच्या नव्या सुनेला हलव्याचे दागिने घातले होते. इंदूताई म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुगरणींच्या सुगरण. काळ्या चंद्रकळेवर पांढरेशुभ्र दागिने घालून बसलेली ती सून कुसुम दारात उभी राहून बघत राहिली होती. घरी आल्यावर मला हळूच म्हणाली, "वहिनी, माझ्या सासरचे करतील का गं असं?"

"न करून सांगतात कुणाला!" मी म्हटलं होतं.

आता खडी फोडणारी सासू कुठून हलवा करणार? मग मी करणार. ठरलं.

आमचे 'हे' नागापूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. सायकल दाराशी लावून आत आले तसं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे हातपाय धुतले आणि म्हणाले, "दागिने सासरनं करायचे असतात. आपण पाठवले, तर तुम्हाला जमत नाहीत म्हणून आम्ही केले, असं चारचौघात सांगितल्यासारखं होईल."

"जमत नाहीतच त्यांना! हलवा करतील का खडी फोडतील?"

"तेच तर म्हणतो मी."

यांचं बरोबर असलं की मला जास्त राग यायचा. मी आत गेले आणि साखरेचा डबा उघडून पाहिला.

साखर रेशनची, मोजकी. पाच आठवडे घरात गुळाचा चहा झाला. दूध फाटायचं, मग बिनदुधाचा झाला. कुणी तक्रार केली तर मी एक नजर टाकायची, तेवढं पुरायचं. तीळ मूठभर लागतात, ते होते. इंदूताईंकडून कल्हईची परात आणली आणि त्यांच्यासमोर पहिला घाणा घातला. शेगडीतल्या निखाऱ्यावर राख पसरायची, वर परात, परातीत भाजलेले तीळ. पाक चमच्यानं घालायचा तो थेंब थेंब, आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थेंब. बस्स, एवढंच. करून बघा. मी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार चमचे पाक ओतला आणि तिळाची चिक्की करून ठेवली.

इंदूताई म्हणाल्या, "रागात आहेस का कुणावर?"

"हो."

"मग उद्या ये. रागावलेल्या हाताला घाई असते."

दुसऱ्या दिवशी पहाटे बसले. राग होताच, पण तो बाजूला ठेवायला शिकले. सकाळी दोन तास, मुलांना शाळेत धाडून आणखी एक. बोटांची टोकं भाजून निघाली, मग बधिर झाली. आठ दिवसांनी तिळाचा पांढरा दाणा झाला, पंधरा दिवसांनी ज्वारीएवढा, आणि एका सकाळी परातीत हात फिरवला तर बोटांना टोचलं. काटा! मी ओरडलेच. इंदूताई भिंतीपलीकडून विचारतायत, काय झालं, काय झालं. त्या आल्या, एक दाणा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्या हलव्याला असा काटा आला नाही गं. दुष्काळाची हवा आहे ही." सगळा मुलूख जिनं करपवला, तीच हवा माझ्या परातीत फुलं फुलवत होती. आनंद झाला त्याची लाज वाटली, पण झाला हे खरं.

मग दागिने. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा. हार, बांगड्या, बाजूबंद, कानातली, बिंदी. पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून त्याच्यावर कंबरपट्टा बसवला. सगळं बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं. आमचे हे खोक्यात बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "सुरेख झालंय." दुसरं काय म्हणायचं होतं ते गिळलं असणार.

त्यांना सुट्टी नव्हती. भोगीच्या दिवशी मुलांना इंदूताईंकडे ठेवून मी एकटी एसटीत बसले, मांडीवर खोका. खिडकीतून बघवत नव्हतं. जमीन कशी, तर चुलीतली राख पसरावी तशी. झाडं म्हणून बाभळी नि बोरी, त्यांना कुठला दुष्काळ कळतो? रस्त्याच्या कडेला जागोजाग खडीचे ढीग आणि ढिगांमागे बायका, डोक्यावर पदर ओढून हातोडी चालवणाऱ्या. प्रत्येकीत मला कुसुम दिसायची. शेजारची बाई खोक्याकडे बघून म्हणाली, "बूट आनलं का पाव्हन्याला?" मी म्हटलं, "हो, मोठ्या मापाचे."

कुसुमचं घर गावाच्या कडेला. दुपारी पोहोचले तर दाराला नुसती कडी. दोघी कामावर. शेजारच्या पोरानं सांगितलं, दिवस मावळायला येतील. मी कडी काढून आत गेले. सारवलेली जमीन, कोपऱ्यात दोन हंडे, एक भरलेला, एक रिकामा. उतरंडीशेजारी भिंतीला खुंटी होती आणि खुंटीवर फडक्याखाली काहीतरी टांगलेलं. मला परक्याच्या घरात वस्तू हलवायची सवय नाही. पण फडक्याखालून एक पांढरं टोक लोंबत होतं. मी फडकं उचललं.

लाह्यांचे दागिने होते.

ज्वारीच्या लाह्या सुईनं दोऱ्यात ओवून केलेला हार. बांगड्या. बाजूबंद, तो काही नीट जमला नव्हता, वाकडा झालेला. मधल्या मधल्या लाह्यांना हळद चोळून पिवळं केलेलं, सोन्याचे मणी दिसावेत म्हणून. करणाऱ्या बाईनं हलव्याचे दागिने जन्मात पाहिलेले नव्हते, हे कुणालाही कळलं असतं. कुसुमनं तर ते पाहिले होते, म्हणजे हे काम सासूचं. कुणीतरी तोंडी सांगितलं, असे असतात नि तसे असतात, आणि हिनं आपल्या घरात जे होतं त्याचे केले. लाह्या शाळूच्या होत्या, मिलोच्या नव्हेत. म्हणजे मागल्या सालची, घरच्या रानातली, कुठंतरी गाडग्याच्या तळाशी जपलेली मूठभर ज्वारी त्या बाईनं सुनेच्या अंगावर घालायला फोडली होती.

मी खोका मांडीवर घेऊन खाली बसले. सून नकोशी असेल म्हणून मी पाच आठवडे जळत होते. आणि आता माझ्या मांडीवरचा खोका उघडला, तर या वाकड्या बाजूबंदाचं काय होणार? माझ्या सुबक, काटेरी, सोनेरी कागदाच्या दागिन्यांपुढे ते उद्या कोण बघणार? पोरीच्या मनात येणार नाही का, वहिनीचे घालू? आणि सासूचं तोंड? आमचे हे म्हणाले होते ते तसंच्या तसं माझ्यासमोर खुंटीवर लटकत होतं.

मग मी जे केलं ते मला तेव्हा फार थोर वाटलं. मी खोका उघडला आणि दागिने मोडले. दोरे तोडून दाणे ओढून काढले, सगळे एका डब्यात भरले. तिळगूळ म्हणून देऊ. पुठ्ठा नि सोनेरी कागद चुलीत घातला. हार सगळ्यात शेवटी मोडला, खोटं कशाला सांगू. फडकं होतं तसं टाकून ठेवलं आणि डोळे पुसून बाहेर ओट्यावर येऊन बसले.

दिवस कलताना दोघी आल्या. कुसुम काळवंडली होती, गालाची हाडं वर आलेली. तिनं गळ्यात मिठी मारली तर तिच्या हातांचा खरखरीतपणा माझ्या मानेला लागला. सासू, भागूबाई, उंच, सरळ बाई. "आलीस व्हय? बरं केलंस. पोर वाट बघत हुती," म्हणाल्या आणि हंड्यातलं तांब्याभर पाणी मला आधी दिलं, मग सुनेला, मग स्वतः घेतलं.

मी डबा पुढे केला. "मावशी, तिळगूळ आणलाय."

त्यांनी चार दाणे तोंडात टाकले. चावता चावता थांबल्या. दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. दोरा. मग डब्यात हात घालून दाणे चाळले. आणखी दोरे निघाले. गाठींसकट.

"नगरात तिळगूळ बांधून घालत्यात व्हय?"

मी झाकण लावायला डबा ओढला.

त्या उठल्या, खुंटीकडे बघून आल्या, आणि चुलीतून अर्धवट जळलेला सोनेरी कागद चिमट्यानं ओढून माझ्यापुढे टाकला. "दागिनं आनलं हुतंस."

"हो."

"मोडलंस."

"हो. तुमचे पाहिले म्हणून मोडले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." माझा आवाज चढला. मी कुणाची चोरी केली नव्हती.

भागूबाईंचाही चढला. "मला वाईट वाटंल आसं तुला कुनी सांगितलं? आगं, लेकीला का कोन दोनदा नटवत न्हाई? तुझं बी चढलं आसतं, माझं बी चढलं आसतं. तू मला येवढी बारकी समजलीस व्हय?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं झालं मला.

"गाव म्हणतं, ही पांढऱ्या पायाची..." मी कशीबशी म्हटलं.

"गाव म्हनतंय म्हनून मी बी म्हनू? पाऊस काय हिच्या पदराला बांधून ठिवला हुता?" मग जरा थांबून डब्यातला एक दाणा त्यांनी तळहातावर घेतला. खडीनं सोललेला तळहात, त्याच्यावर तो पांढरा दाणा फिरवून बघितला. "काटा लई झ्याक आलाय. किती दिस लागलं?"

"पाच आठवडे."

"आन येका घटकंत मोडलंस. येडी का काय!"

त्या हसल्या तेव्हा मला रडू आलं. मला लोकांपुढे रडायची सवय नाही, आजही नाही, पण त्या दिवशी ओट्यावर बसून मी मुलासारखी रडले. आपण दुसऱ्याचं मन राखायला जातो तेव्हा ते मन किती मोठं आहे याचा अंदाज आपण आपल्या मापानं करतो. मला तोवर वाटायचं, मला माणसं कळतात. हलवा कळतो, एवढंच म्हणते मी आता.

संक्रांतीला काम बंद होतं. सकाळी उन्हात आम्ही दोघी, मी नि भागूबाई, ओवायला बसलो. एक लाही, एक हलवा, एक लाही, एक हलवा. दागिने पुन्हा करायचे ठरले ते असे. त्यांचा वाकडा बाजूबंद मी सरळ करायला घेतला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तिचा हात बी वाकडाच हाय," आणि कुसुम फिसकन हसली. मी आणलेली माझी काळी साडी तिला नेसवली. पाटावर बसवली, दागिने चढवले. काळ्यावर पांढरं, मध्ये हळदीचा ठिपका. माझ्या नुसत्या हलव्याला असली शोभा आली नसती, हे मी, जी कुणाचं सहजी चांगलं म्हणत नाही, ती सांगते.

ववशाला, सुगडांचं वाण घेऊन, बायका आल्या. सुगडांत त्या साली ना हरभऱ्याचे घाटे, ना गव्हाच्या ओंब्या, ना उसाचं कांडं. बोरं तेवढी होती आणि बोरांखाली कुणी मूठभर मिलो घातलेला. त्या कुसुमभोवती गोळा झाल्या, हार उचलून उचलून बघू लागल्या. "कुनी केलं गं?" भागूबाई म्हणाल्या, "तिच्या भावजयीनं." मी म्हटलं, "तिच्या सासूबाईंनी." पुन्हा त्या म्हणाल्या, "न्हाई, हिनंच," आणि मी म्हटलं, "छे, मी कुठली!" आम्ही दोघी एकमेकींना मान देण्यात अशा रंगलो की ओवाळायचं ताट भागूबाईंच्या हातात तसंच राहिलं.

कुसुमनं हात तोंडाशी नेला. मला वाटलं, घाम पुसतेय. कुर्रकन आवाज झाला.

तिनं बांगडी खाल्ली होती.

"कुसुम!" मी ओरडले.

"भूक लागलीय, वहिनी," ती भरल्या तोंडानं म्हणाली. दोरा ओठातून लोंबत होता. "कालपासून नुसती बघतेय."

कुणाचा मान राहिला आणि कुणाचा गेला, हे बघण्यात आम्हा दोघींचे दोन दिवस गेले होते. काल कामावरून आलेली पोर जेवली का, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं. मी भागूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. डोळे भरलेले, पण हातातलं ताट सरळ धरलेलं.

"खा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हातातली बी खा. मी ववाळते."

आणि त्यांनी ओवाळलं, मग मी ओवाळलं. ती खात होती.